मन भरेल पण चटक लागणार नाही असे गेम्स कसे ओळखायचे?

अनवट
नमस्कार मंडळी. गेमिंगवर इथे जुने धागे आहेत, पण ते बहुतेक "सध्या कुठला भारी आहे" ह्या वळणाचे आहेत. मला जरा वेगळं विचारायचंय म्हणून नवा काढतोय.

मला गेम्स मनापासून आवडतात आणि ते सोडायचे नाहीयेत, त्यामुळे "त्यापेक्षा पुस्तक वाचा" हा सल्ला कृपया नको. काम आटोपल्यावर तासभर काहीतरी खेळावं आणि उठताना डोकं ताजं असावं एवढीच अपेक्षा आहे. पण फोनवर कुठलाही गेम उतरवा, उघडल्या उघडल्या रोजचं बक्षीस घ्या, पेटी फोडा, सलग सात दिवस आलात तर मोठी पेटी, एनर्जी संपली आता चार तासांनी या, अमुक इव्हेंट संपायला दोन तास उरले... ह्या सगळ्यात प्रत्यक्ष खेळ कितीसा असतो? अर्धा तास जातो आणि आपण "इथे काहीतरी नवीन आहे" सांगणारी लाल टिंबं नुसती घालवत बसलेलो असतो. बरं, मजा आली म्हणावं तर तसंही नाही, आणि ठेवून द्यावा म्हटलं तर हात पुन्हा तिकडेच.

तर असे नसलेले गेम्स ओळखायचे कसे? नावं सांगाच, पण त्यामागचं कारणही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मला शोधता येईल.

सोंगटी
अगदी हेच विचारायचं होतं! वाचतेय.

रातकिडा
माझी एक साधी कसोटी आहे. सेव्ह फाईल (गेममधली आपली प्रगती जिच्यात साठते ती) उडाली असं समजायचं. आता तुझ्याकडे काय उरलं?

आऊटर वाइल्ड्स (२०१९) घे. छोटीशी सूर्यमाला, एक डुगडुगतं यान, आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पहिल्यापासून सुरू. लेव्हल नाही, नवं शस्त्र नाही, नाणी तर नाहीतच. प्रत्येक फेरीत तुला जे कळलं तेवढंच पुढे येतं. अमुक ग्रहाची जमीन हळूहळू खाली कोसळतेय, तमुक ठिकाणी वाळू भरायच्या आत पोचलं पाहिजे, असलं. ज्याला सगळं माहितीये तो नवीन फाईल उघडून एकाच फेरीत शेवटाला जाऊ शकतो, कारण पहिल्या मिनिटापासून सगळी दारं उघडीच असतात, तुला फक्त ती दारं आहेत हे माहीत नसतं. फाईल उडाली तरी तुझं काहीही जात नाही.

आता हीच कसोटी पेट्या फोडायच्या गेमला लाव. फाईल गेली की सगळं गेलं, कारण जे काही वाढत होतं ते आकड्यात होतं, तू होतास तिथेच आहेस.

भुंगा
रातकिडा, कसोटी आवडली पण पुरेशी नाही. सिव्हिलायझेशन घ्या. १९९१ पासून चालू असलेली मालिका, त्यात डोकं लागतं, खेळून खेळून माणूस खरंच तरबेज होतो, फाईल उडाली तरी कौशल्य राहतं. म्हणजे तुमच्या कसोटीला उतरली. आणि तरीही "अजून एकच टर्न" (टर्न म्हणजे पाळी) हा वाक्प्रचार त्याच गेममुळे जगभर झालाय.

कारण बघा कसं आहे. ह्या शहरात धान्याचं कोठार दोन टर्नमध्ये पूर्ण होणार, त्या शहरात भिंत चार टर्नमध्ये, नवीन शोध तीन टर्नमध्ये, आणि सैन्य पुढच्याच टर्नला नदीपाशी पोचणार. सगळं एकदम कधीच पूर्ण होत नाही. कुठलीही टर्न घ्या, काहीतरी अगदी होत आलेलं असतं. त्यामुळे उठायला सोयीची अशी जागाच सापडत नाही. ह्यात कोणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, गेम उत्तमच आहे, पण अनवट यांना तासाभरात उठायचंय म्हणून सांगितलं.

मृण्मयी_क
मानसशास्त्र शिकलेय म्हणून थोडं लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा. दाणा ठरावीक टोचींनंतर मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण कितव्या टोचीला मिळेल हे अनिश्चित ठेवलं तर ते थांबतच नाही, भराभर टोचत राहतं. जुगाराचं यंत्र ह्याच तत्त्वावर चालतं आणि गेममधली पेटीसुद्धा. पेटीत दरवेळी चांगली वस्तू निघाली असती तर तुम्ही लवकर कंटाळला असता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. केंट बेरिज नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या कामातून असं दिसलं की हवंसं वाटणं आणि आवडणं ह्या मेंदूच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन ह्या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी. त्यामुळे एखादी गोष्ट आवडत नसतानाही जोरात हवीशी वाटू शकते. अनवट, तुम्ही लिहिलंय ना, मजाही नाही आणि ठेववतही नाही, ते नेमकं हेच आहे. तुमच्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही तो.

म्हणून खेळताना मध्येच स्वतःला विचारायचं की आत्ता, ह्या मिनिटाला, जे हात करतायत ते आवडतंय का? की फक्त पुढच्या पेटीची वाट बघतेय? मला तरी ह्याचा खूप उपयोग होतो.

घारू
कबुतराला निदान दाणा तरी खरा मिळत होता हो :)

मृण्मयी_क
घारू, हाहा, हे आमच्या वर्गात सांगायला हवं होतं!

पन्नाशीपार
एवढं कशाला, बुद्धिबळ खेळा. कधी संपला कळतं, नशिबाचा भाग नाही, पेटी नाही.

भुंगा
पन्नाशीपार काका, ऑनलाइन खेळता का? तीन मिनिटांचे डाव, हरलं की रेटिंग खाली, समोरच "पुन्हा खेळा" चं बटण. बुद्धिबळही तसं खेळता येतंच.

पन्नाशीपार
खरं आहे ते. मी पत्रोत्तरासारखे डाव खेळतो, एका चालीला तीन दिवस मुदत. त्यात सकाळी एक चाल करायची आणि बंद. आणि डाव संपला की पराभवाचं कारण शोधत बसायचं, त्यातच जास्त गंमत आहे. तीन मिनिटांच्या डावात मुलगा माझा असा काही अडकतो की हाक ऐकू येत नाही. खेळ तोच, सोंगट्या त्याच, घड्याळ बदललं की प्रकरणच वेगळं होतं. तेव्हा अनवट, नुसतं गेमचं नाव बघून चालणार नाही, कुठल्या प्रकारात खेळताय तेही बघा.

चकवा
मी ह्याच धंद्यात आहे (स्टुडिओचं नाव सांगत नाही) म्हणून आतली बाजू सांगतो.

फुकट गेममध्ये आमच्याकडे रोज सकाळी आकडे बघितले जातात. आज उतरवलेल्यांपैकी उद्या किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. गेम चांगला आहे का हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये फार कमी वेळा येतो. रोजचं बक्षीस, एनर्जी, सलग हजेरी ही सगळी त्या आकड्यांची औषधं आहेत. एनर्जी संपते ती तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून संपत नाही, तर चार तासांनी आठवण यावी म्हणून. शिवाय हातातलं अर्धवट असताना बंद करावं लागलं की ओढ जास्त राहते.

म्हणून माझी ओळखायची रीत अशी: गेम उघडा आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे बघा. नाणी, हिरे, एनर्जी, तिकिटं, इव्हेंटचे टोकन. एकापेक्षा जास्त चलनं दिसली की सावध व्हा. दोन चलनं मुद्दाम ठेवतात, खरे पैसे देऊन हिरे घ्यायचे, हिऱ्यांची नाणी करायची, नाण्यांची पेटी, म्हणजे पेटीला खरे किती पडले ह्याचा हिशेब डोक्यात लागत नाही. आणि हिऱ्यांचे गठ्ठे असे बांधतात की काही हिरे हमखास उरतात, मग ते वाया जाऊ नयेत म्हणून अजून थोडे घ्या. दुसरं म्हणजे स्टोअरच्या पानावर अॅपमधील खरेदीची नोंद असते ती वाचा. एकदाच पैसे घेऊन पूर्ण गेम हातात देणाऱ्याला तुम्ही उद्या परत आलात की नाही ह्याने तितकासा फरक पडत नाही, त्यामुळे तो तुम्हाला सुखाने उठू देतो.

हे काही फक्त माझं मत नाही, सरकारांनीही दखल घेतलेली आहे. जपानमध्ये पेटीतून निघालेल्या ठरावीक वस्तूंचा संच पूर्ण केला तरच मोठं बक्षीस, असा एक प्रकार होता, कॉम्पू गाचा म्हणायचे, तो २०१२ मध्ये बंद करायला लावला. बेल्जियमने २०१८ मध्ये काही गेम्समधल्या पैसे देऊन फोडायच्या पेट्या सरळ जुगारात धरल्या.

रातकिडा
चकवा, अप्रतिम प्रतिसाद. वरच्या पट्टीची खूण लगेच वापरता येण्यासारखी आहे.

पण एकदाच पैसे दिले म्हणजे सुटलो असंही नाही ना? व्हँपायर सर्व्हायव्हर्स एकदाच विकत घ्यायचा गेम. करणाऱ्याने आधी जुगाराच्या क्षेत्रात काम केलेलं आहे आणि ते दिसतं, पेटी उघडताना आतषबाजी, संगीत, एक मिळणार की पाच ते गुलदस्त्यात. पैसे कोणी मागत नाही पण धागेदोरे तेच.

घारू
व्हँपायर सर्व्हायव्हर्सबद्दल असहमत. बहुतेक ठिकाणी तीस मिनिटं झाली की यमदूतच येतो आणि डाव संपवतो. मी एक डाव खेळतो, छान मोकळं वाटतं, झोपतो. सगळ्यांनाच सगळं चिकटतं असं नाही. चमचमाट आहे म्हणून लगेच वाईट ठरवू नका. मला तर थकलेलं असताना कोडी नकोच वाटतात, डोकं बाजूला ठेवायला काहीतरी हवं असतं, आणि तेही समाधानच आहे की.

चकवा
घारू, पटतंय. डाव आपण होऊन संपतो हा मोठा गुण आहे त्याचा, आणि दुसऱ्या दिवशी नाही आलात तर काही कापून घेत नाही.

सोंगटी
माझा प्रश्न थोडा मुलांच्या बाजूने आहे. लेक आठ वर्षांची. तिच्या वयाच्या बहुतेक गेम्समध्ये प्रत्येक गोष्टीला तारे. शाबास, तीन तारे! मला ते खुपतं पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. तारे मिळाले तर बिघडलं कुठे असं घरचे म्हणतात.

मृण्मयी_क
सोंगटीताई, ह्यावर लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी बक्षिसाविना पेनं समोर ठेवली तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने मूळची आवड खाल्ली. अचानक मिळालेल्याने नाही खाल्ली, हेही लक्षात घ्या, म्हणजे कौतुकच करू नका असा त्याचा अर्थ नाही.

लेकीला टाऊनस्केपर देऊन बघा. पाण्यावर टिचकी मारली की रंगीत घर उगवतं, शेजारी मारली की घरं जोडली जातात, मध्ये मोकळी जागा ठेवून भोवती घरं बांधली तर आत बाग तयार होते. तारे नाहीत, वेळ नाही, जिंकणं नाही. माझी भाची बांधते, सगळ्यांना दाखवते आणि आपण होऊन उठते.

वाटसरू_७
एवढी चर्चा कशाला, चीनसारखं करावं. २०२१ पासून तिथे अठराखालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. विषय संपला.

पन्नाशीपार
विषय कसा संपला? त्या एका तासात पेट्याच फोडल्या तर? वेळ मोजणं सोपं असतं म्हणून सगळे वेळच मोजतात. तासभर चांगला खेळ आणि तासभर टिंबं घालवणं ह्यात फरक आहे म्हणून तर धागा निघाला.

वाटसरू_७
काका, मान्य, पण लहान मुलाला हा फरक कळत नाही, त्याला घड्याळच कळतं.

निवांत_नीला
स्टारड्यू व्हॅलीचं नाव कसं कोणी घेतलं नाही! २०१६ चा, एका माणसाने एकट्याने केलेला, एकदाच विकत घ्यायचा, शेती करायची, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या. मला ह्या गेमने खूप शांतता दिलीये.

मात्र भुंगा म्हणतात तो मुद्दा इथे आहे. दिवस संपवून झोपलं की मगच सेव्ह होतं. आणि सेव्ह झालं की थेट पुढची सकाळ सहा वाजता उजाडते, पेरलेलं उगवलेलं दिसतं, पत्रपेटीत काहीतरी येऊन पडलेलं असतं. थांबायची एकमेव जागा नेमकी तीच, आणि मोहसुद्धा नेमका तिथेच. मी काय करते तर सकाळ झाली की अंथरुणातून पाऊल बाहेर टाकायच्या आत बंद. घराबाहेर पडलं की तो दिवस पूर्ण करावासा वाटणारच. उठायची जागा आधी ठरवली की अख्खा गेमच वेगळा लागतो.

भुंगा
निवांत_नीला, हे फार उपयोगी. सिव्हिलायझेशनमध्ये मी हाच उपाय करतो, ठरावीक टर्नला बंद, मग सैन्य नदीत उभं असलं तरी.

तिरकी_चाल
वर्डल ह्या शब्द ओळखायच्या खेळाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. २०२१ मध्ये आलं तेव्हा दिवसाला एकच कोडं, खेळून झालं की उद्याच. ना नोटिफिकेशन, ना जाहिरात. करणाऱ्याने ते आपल्या जोडीदारासाठी केलेलं, त्यामुळे कोणाला अडकवायचं प्रयोजनच नव्हतं. जास्त देता येत असताना मोजकंच द्यायचं, हे मला त्यातलं सर्वात सुंदर वाटतं.

चकवा
सहमत, पण सलग किती दिवस सोडवलं तो आकडा त्यातही आहे. आणि ती साखळी तुटू नये म्हणून प्रवासात, आजारपणात कोडं सोडवणारे माझ्या ओळखीत आहेत. आवडीपेक्षा आकडा मोठा होतो मग.

तिरकी_चाल
हो, ते नाकारत नाही. पण साखळी तुटल्यावर पुढचं कोडं पूर्वीइतकंच छान लागतं की नाही? मला लागतं. तसं लागत नसेल तर मात्र सोडावं.

मृण्मयी_क
एक गंभीर गोष्ट नोंदवून ठेवते, कारण धागा पुढे कोणीही वाचेल. आपण इथे व्यसन, चटक हे शब्द सैलसर वापरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात (आयसीडी-११, २०२२ पासून लागू) गेमिंग डिसऑर्डर आहे आणि त्याची व्याख्या बरीच कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचं स्थान देणं, आणि नुकसान होत असूनही चालू ठेवणं, हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसलं आणि त्याने घर, शिक्षण, नोकरी ह्यांची घडी खरोखर विस्कटली, तर. अनवटचा प्रश्न तसा नाही. पण कोणाचं तसं होत असेल तर चांगला गेम निवडणं हा त्यावरचा इलाज नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

सोंगटी
+१. हे लिहिलंत ते बरं केलंत.

अनवट
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. चकवा यांची वरच्या पट्टीची खूण लावली आणि फोन बराच हलका झाला. रातकिडा, आऊटर वाइल्ड्स यादीत टाकलाय, पण यानात मळमळतं असं एका मित्राने सांगितल्यामुळे आधी रिटर्न ऑफ द ओब्रा डिन घेतला. इथे कोणी खेळलंय का?

काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत काढलेलं एक जहाज, त्यावरच्या साठ लोकांचं काय झालं ते शोधायचं. हातात एक घड्याळ, मृतदेहापाशी उघडलं की त्याचा शेवटचा क्षण गोठलेला दिसतो, त्यात फिरून बघायचं. कोण, कसा मेला, कोणी मारलं ते वहीत लिहायचं. आणि इथे मला फार आवडलेली गोष्ट अशी की उत्तर बरोबर आहे हे लगेच सांगत नाही. तीन जणांची नोंद अचूक झाली की मगच ती तीन एकदम छापून पक्की होतात. त्यामुळे ठोकून देऊन फारसं काही साधत नाही, विचारच करावा लागतो. काल एका खलाशाला मी फक्त त्याच्या झोपायच्या झोळीवरच्या क्रमांकावरून आणि बाहेर आलेल्या पायांवरून ओळखलं. तो जो काही आनंद झाला तो पेटी फोडून कधी झाला नव्हता. बक्षीस तेवढंच, तीन नावं पक्की झाली. पण ती मी मिळवली होती.

आता एकच. कधीकधी वीसच मिनिटं असतात, तेव्हा हा उघडायला नको वाटतो. त्यासाठी काही?

रातकिडा
पाय!! तो झोळ्यांचा प्रसंग माझाही आवडता. आता पुढचं काहीही शोधू नकोस, कुठल्याही व्हिडिओवर चुकूनही जाऊ नकोस, हा गेम एकदाच खेळता येतो.

वीस मिनिटांसाठी बाबा इज यू. त्यात नियम हेच ठोकळे असतात. "भिंत", "आहे", "अडसर" असे तीन शब्द ओळीत पडलेले असतात तोवर भिंत अडवते. एक शब्द ढकलून ओळ मोडली की भिंतीतून चालत जाता येतं. एक कोडं छोट्याशा चौकटीत मावतं. सुटलं तर सुटलं, नाही तर बंद करून उद्या, त्याने काही बिघडत नाही.

निवांत_नीला
थकलेल्या दिवशी बाबा नको हो, डोकं तापतं! त्यापेक्षा अ शॉर्ट हाइक. छोटंसं बेट, एका पक्ष्याला डोंगरमाथ्यावर जायचंय, वाटेत भेटेल त्याच्याशी बोला, उंचावरून झेप घेऊन तरंगत खाली या. दोन-तीन बैठकींत अख्खा संपतो.

घारू
डॉर्फरोमँटिक पण. षटकोनी तुकडे जोडत गाव, जंगल, नदी वाढवायची. तुकडे संपले की डाव संपला. गुणांकडे बघायचं नसेल तर नुसतं बांधत बसायचा प्रकारही आहे.

अनवट
बाबा आणि हाइक दोन्ही घेतो. बाबा फोनवर मिळतो का?

रातकिडा
मिळतो, २०२१ पासून आहे. एकदाच पैसे, वरच्या पट्टीत काही नाही. सुरुवातीची कोडी सोपी वाटतील म्हणून घाईत उडवू नकोस, प्रत्येकात पुढे लागणारी एक युक्ती आहे.

सोंगटी
टाऊनस्केपर चालू केलाय. लेकीने पहिल्याच दिवशी एकाच रंगाचा एक भलामोठा मनोरा बांधला आणि त्याला दरवाजा कुठून येईल ते शोधत बसली होती. कोणाला माहितीये का, जिना हवा असेल तर काय करायचं?

मृण्मयी_क
ताई, एका घराची जमीन शेजारच्यापेक्षा एक मजला उंच ठेवा आणि बघा. पण तिला सांगू नका, तिचं तिला सापडू दे.